दगडोबा मामा कसा झाला

बसा. त्या खाटल्यावर नका बसू, तिचा एक पाय डुगडुगतो. इकडं पोत्यावर बसा. औंढ्याची गाडी यायला टाइम हाय, आन् ती आली म्हणजे लगेच निघती असंबी न्हाई, डायवर आधी चाय पेतो. तवर तुमाला दगडोबाची गोष्ट सांगतो. मेंढरं राखणारा माणूस, मिशनवाल्यासंगं आफ्रिकेतल्या शाळेत गेला, आन् तिथं जे होऊन आला ते आपल्या जिल्ह्यात आजवर कोणता गडी झालेला न्हाई. एकच सांगणं हाय, अर्ध्यात उठायचं न्हाई. ही गोष्ट अर्धी ऐकली तर माणसाची बदनामी होती.

दगडोबा आमच्या शिरड शहापूरचाच. साठीकडं झुकलेला गडी, डोक्याला लाल पटका, आन् मिशा अशा का वळणावर आधी मिशा दिसत्यात आन् मागून दगडोबा येतो. मेंढरं हायत, चार शेरडं हायत, थोडी हलकी जमीन हाय, शकुबाईसारखी बायको हाय. तकलीफ एकच. सारं गाव त्याला 'दगड्या' म्हणायचं. ज्यांच्या बारशाच्या घुगऱ्या ह्यानं खाल्ल्या, त्यांचे पोरंबी 'दगड्या' म्हणायला लागले व्हते.

त्याचं म्हणणं काही लई मोठं न्हवतं. गावात मिशी पांढरी झाली का माणसाला कोणी आबा म्हणतं, कोणी तात्या म्हणतं. ह्याला 'मामा' पायजे व्हतं. काहून, तर मामाला मान हाय. लग्नात नवरीच्या मागं मामा उभा राहतो. लेकराचं जावळ मामाच्या मांडीवर निघतं. आता दगडोबाला बहीणच न्हाई, तर भाचा कुठून येणार? म्हणून नात्यानं न्हाई तर मानानं तरी म्हणा, एवढंच त्याचं मागणं. फाट्यावर रतनसिंगचं हॉटेल हाय. हॉटेल म्हणजे एक भट्टी, दोन बाकडे आन् रतनसिंगचं तोंड. तिथं एकदा त्यानं समद्यांसमोर ही गोष्ट काढली. रतनसिंगनं कप धुता धुता ऐकून घेतलं आन् म्हणला, "दगड्या, तू आधी चाय पे. थंडी होऊन राहिली."

तर असा हा गडी एक दिवस काळ्या कानाची मेंढी हरवली म्हणून औंढ्यापर्यंत शोधत गेला. तिथं एका हॉलात मिशनवाल्यांची सभा चालू व्हती, आन् बाहेर भोंगा लावलेला. दगडोबाला काय त्याचं? तो आपला मेंढीचा माग काढून राहिला व्हता. तेवढ्यात भोंग्यातून आवाज आला, "हरवलेल्या मेंढरांसाठी कोणाचं काळीज तुटतं? कोण जाईल त्यांच्याकडे? हात वर करा."

आता सांगा, ज्याची मेंढी सकाळपासून गायब हाय त्या माणसानं काय करावं? दगडोबानं दाराशी चपला काढल्या, तसाच आत घुसला आन् काठीसकट हात वर केला. म्हणला, "मी जातो. कुठं दिसलं ते तेवढं सांगा."

समद्यांच्या माना मागं वळल्या. स्टेजवर पाळक उभे व्हते, विजयकुमार नावाचे. आपण ज्याला पादरी म्हणतो त्याला ते लोक पाळक म्हणत्यात. त्यांच्या डोळ्याला पाणी आलं. खाली उतरले, नाव पुसलं, आन् दगडोबाच्या खांद्यावर हात ठेवून माइकमधून म्हणले, "बंधू दगडोबा यांना पाचारण झालं आहे."

पाचारण काय असतं ते दगडोबाला कळलं न्हाई. पण 'यांना' कळलं. जन्मल्यापासून त्याला कोणी 'यांना' म्हणलं न्हवतं. शंभर माणसांनी टाळ्या वाजवल्या. मेंढी तिथंच इसरली.

मागून चायपाणी झालं तवा उलगडा झाला, का ती मेंढरं म्हणजे माणसं, आन् ती आफ्रिकेत हायत. टांझानिया म्हणून देश हाय, तिथं मिशनची शाळा. पाळक आन् त्यांच्या घरच्या साधनाबाई दोन महिने फुकट सेवा द्यायला चालले व्हते. साधनाबाई मास्तरीण, त्या शिकवणार. पाळक शाळेची डागडुजी करणार. आन् शाळेला कोणी बकऱ्या दान दिल्या व्हत्या, लेकरायला दूध व्हावं म्हणून, त्यांचं करणारं कोणी न्हवतं. जो जनावराचा डॉक्टर संगं जाणार व्हता त्याचं लग्न जमलं, तो गळाला. दगडोबानं सारं ऐकलं आन् पाळकाला पुसलं, "तुमी पाळक म्हणता, तर शेरडं पाळली का मेंढरं?" पाळक म्हणले, "मंडळी सांभाळतो." दगडोबाला वाटलं बायको सांभाळतो म्हणून राहिला. मनात म्हणला, एकाच बायकोवर एवढा मोठा हुद्दा? भला माणूस हाय.

पाळकानं एक गोष्ट मातर साफ सांगितली. म्हणले, "दगडोबा, धर्माचं काही बोलणं नाही. तुमचा नागनाथ तुमच्यापाशी. आम्हाला बकऱ्या कळत नाहीत, तुम्हाला कळतात. नाही म्हणालात तरी राग नाही." न्हाई म्हणायचं त्याच्या जिभेवर आलं व्हतं. पण शंभर माणसांसमोर वर केलेला हात खाली कसा घ्यायचा? आन् न्हाई म्हणलं का उद्यापासून पुन्हा दगड्या.

घरी आला तर मेंढी त्याच्या आधी येऊन दाव्याला उभी.

गावात बातमी फुटली आन् सल्ले सुरू झाले. आफ्रिकेला कोणी गेलेलं न्हाई, पण माहिती समद्यांना. एकानं सांगितलं सिंहाच्या डोळ्यात बघू नको. दुसऱ्यानं सांगितलं डोळ्यातच बघ, लाजतो. रतनसिंगचं म्हणणं सिंह ह्याला खात न्हाई, मिशी घशात अडकती. बाकड्यावरचे हसले. दगडोबा उठला आन् म्हणला, "हसा. पण त्या शाळेतलं लेकरूनलेकरू मला मामा म्हणल, मंगच मी माघारी येईन. न्हाई म्हणलं तर जल्मभर दगड्या म्हणा, वर तोंड करून बोलणार न्हाई."

आता ही पैज झाली. अशी पैज लावू न्हाई, पण लावली.

पासपोर्टचं तर इचारूच नका. ठाण्यावरून हवालदार आला चौकशीला. फाट्यावर पुसलं, दगडोबा कुठं राहतात? लोक म्हणले असं कोणी इथं न्हाई. रतनसिंग तर म्हणला, 'दगडोबा' म्हणजे पल्याडच्या माळावर शेंदूर लावलेला हाय, तेच का? हवालदार 'असा इसम आढळून आला नाही' म्हणायच्या बेतात व्हता, पण भला माणूस, फिरत फिरत घरापर्यंत आला. दारात शकुबाई. त्यानं पुसलं, बाई, तुमच्या मालकाचं नाव काय?

शकुबाईनं उभ्या जल्मात नवऱ्याचं नाव घेतलं न्हाई, ती हवालदाराला सांगती काय? तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आन् उंबऱ्यापाशी धुणं धुवायचा दगड हाय, तो बोटानं दाखवला. हवालदाराला वाटलं बसा म्हणून राहिली. तो बसला. पुन्हा नाव पुसलं. तिनं पुन्हा दगड दाखवला. हवालदार उठून दुसऱ्या बाजूनं बसला. असं त्याचं बराच वेळ चाललं. शेवटी दगडोबा मेंढरं घेऊन आला आन् आपल्या नावावर बसलेला हवालदार त्यानं उठवला.

इमानतळावर आणखी तऱ्हा. काठी घेतली काढून. ते एक सोसलं. मंग दरवाजाच्या चौकटीतून जायला सांगितलं तर ती चौकट बोंबलली. तिथल्या पोरानं चाचपलं, कंबरेला चांदीचा करदोडा लागला. म्हणला काढा. दगडोबा म्हणला, "जित्या माणसाचा करदोडा काढत न्हाईत, बापू. मेल्यावर काढ, मी काही बोलणार न्हाई." पोरगं हिंदीतून म्हणून राहिलं का कायदा हाय, हा म्हणून राहिला का आमच्यातबी कायदा हाय. मागं लाईन लागली. पाळक हात जोडून ह्याची समजूत घालून राहिले, साधनाबाई त्या पोराची. शेवटी एक बुजुर्ग साहेब आला, लातूरकडचा निघाला. त्यानं धोतर पाहिलं, पटका पाहिला, आन् म्हणला, "जाऊ दे रे यांना." पुन्हा 'यांना'. दगडोबा इमानात बसला तो असा, का जसं इमान त्यानंच इकत घेतलं.

तिथं पोचले. लाल माती, आंब्याचे झाडं, कौलारू शाळा. दगडोबाला वाटलं हिंगोलीलाच फेरा मारून आलो. हेडबाई नीमा नावाची, उंच, दणकट बाई, हसली का सारं अंगण हसायचं. लेकरं रांगेत उभी. नीमाबाई इंग्रजीत साधनाबाईला पुसून राहिली, ह्या पाहुण्याला लेकरांनी काय म्हणावं? साधनाबाई 'ब्रदर' म्हणायला गेल्या. दगडोबानं हात आडवा केला. दोन महिन्याची गोष्ट हाय, आन् पैज पहिल्याच दिवशी जिंकता येती तर काहून सोडायची? त्यानं छातीवर हात ठेवला, मिशीला पीळ दिला आन् खणखणीत म्हणला, "मामा."

नीमाबाईच्या भुवया वर. तिनं पुन्हा पुसलं, "मामा?"

"मामा. व्हय."

लेकरांनी त्याच्याकडं पाहिलं, मिशांकडं पाहिलं, एकमेकांकडं पाहिलं. नीमाबाई काहीतरी बोलली तिच्या बोलीत. आन् सारी शाळा एका आवाजात ओरडली, "शिकामू, मामा!" साधनाबाईनं पुसून सांगितलं का शिकामू म्हणजे पाय धरतो. थोरामोठ्यांनाच म्हणत्यात.

पाय धरतो, मामा! दगडोबाचा पटका वीतभर वर गेला म्हणा.

आन् एक गोष्ट अशी घडली का त्याला शंका यायला जागाच राहिली न्हाई. त्या लोकाची बोली अर्धी आपलीच निघाली. चहाला चाय, चपातीला चपाती, दुकानाला दुका, साबणाला साबुनी, दवाला दवा, हिसाबाला हेसाबू. शिकामू म्हणलं का मोठ्या माणसानं 'मरहबा' म्हणायचं. हा दर्ग्याच्या उरुसाला कव्वाली ऐकत वाढलेला गडी, त्याला मरहबा शिकवायला पायजे का? तो पाळकाला म्हणायचा, "तुमी उगं इंग्रजी बोलून तोंड दुखवता. हे आपले मराठवाड्याचेच लोक हायत, जरासं आडबाजूला जाऊन राहिले." आन् बाकी समदे शब्द बराबर निघाले, मंग 'मामा' कसा चुकल?

कामाला मातर वाघ. बकऱ्यांच्या खुऱ्या वाढल्या व्हत्या त्या छाटल्या, गोठ्याला उतार दिला, जी दूध देत न्हवती ती देऊ लागली. सकाळी चरवी घेऊन निघाला का लेकरं पेले घेऊन मागं.

पण मान जरा वेगळ्याच वाटेनं येऊन राहिला. गावातल्या बायका येऊन त्याच्यापाशी बसायच्या, हातवारे करून घरचं गाऱ्हाणं सांगायच्या. मुदपाकखान्यातली बाई त्याला डाव देऊन मीठ चाखायला लावायची. बायकांच्या मंडळानं त्याला फुलाफुलाचं एक कापड भेट दिलं, तसलंच त्या समद्या नेसल्या व्हत्या. ह्यानं त्याचा पटका बांधला. बायका तोंड दाबून हसल्या. दगडोबाला वाटलं, छान दिसून राहिला असल.

रविवारी देवळात, म्हणजे त्यांच्या चर्चात, पुरुष एकीकडं आन् बायका एकीकडं. ह्याला बायकांनी हाताला धरून आपल्याकडं पुढच्या बाकावर बसवलं. पाळक पल्याडून मान हलवून राहिले, इकडं या म्हणून. दगडोबानं डोळ्यानंच सांगितलं, पाहुण्याला जिथं बसवलं तिथं बसावं. आन् मंग एका बाईनं आपलं तान्हं लेकरू उचलून त्याच्या मांडीवर दिलं.

ते लेकरू मांडीवर आलं आन् दगडोबाला लख्खकन उजेड पडला. लेकराच्या डोक्यावर बारीक कुरळं जावळ, आन् मामाची मांडी. आणखी काय सांगायचं राहिलं? बिचारी कवाची वाट पाहून राहिली असल. खुऱ्या छाटून तो थेट आला व्हता, घरून सामानात आणलेली लोकर कातरायची कातर कमरेला व्हती. त्यानं डोळे मिटून नागनाथाचं नाव घेतलं, धोतराच्या सोग्याला कातर पुसली आन् लेकराच्या कपाळावरची एक बट अल्लाद धरली.

पुढचं तुमाला सांगत न्हाई. त्या माउलीनं एकच किंकाळी फोडली, लेकरू ओढलं, सात-आठ बायका उठल्या, बाजा वाजवणारा थांबला, पाळक बाकं ओलांडून धावले. आन् दगडोबा मधोमध कातर घेऊन उभा, म्हणून राहिला, "अवो, जावळ हाय, जावळ."

नीमाबाईनं समद्यांना शाळेच्या हापिसात नेलं. जावळ काय असतं, मामाची मांडी काय असती, हे साधनाबाईनं इंग्रजीत समजावलं. नीमाबाई ऐकता ऐकता हसायला लागली, ती थांबेचना. डोळे पुसत काहीतरी बोलली. साधनाबाई लालबुंद झाल्या. पाळक खिडकीबाहेर आंबे मोजायला लागले.

"काय म्हणली?" दगडोबानं पुसलं.

साधनाबाई म्हणल्या, "दगडोबा, यांच्या बोलीत मामा म्हणजे... आई."

दगडोबाला बायकांचं गाऱ्हाणं आठवलं, मिठाचा डाव आठवला, फुलाफुलाचं कापड आठवलं. ते तर डोक्यावरच व्हतं. त्यानं मिशांवर हात फिरवला आन् म्हणला, "आन् ह्या मिशा? ह्या दिसल्या न्हाईत का कोणाला?"

नीमाबाईनं सांगितलं, लेकरांनी पहिल्याच दिवशी पुसलं व्हतं. मी म्हणलं, पाहुणा लांबून आला, त्याला जे व्हावं वाटतं ते त्याला होऊ द्या.

दगडोबा गोठ्यात जाऊन बसला. भाकर न्हाई, चाय न्हाई. त्याला शाळेचं काही वाटून राहिलं न्हवतं, त्याला रतनसिंगचं हॉटेल दिसून राहिलं व्हतं. पाळकाला बोलावून म्हणला, हे शिरड शहापुरात कळता कामा नये. पाळक म्हणले मी खोटं बोलणार नाही. दगडोबा म्हणला, "खोटं कोण बोला म्हणतं? गप राहा. गप राहायला तुमच्यात मनाई हाय का?"

मंग खऱ्या मामाला तिथं काय म्हणत्यात ते पुसलं. म्जोंबा. दगडोबानं दोनदा म्हणून पाहिलं. म्जोंबा. म्हणला, "दगडोबाच काय वाईट व्हतं?" पण इलाज न्हाई. नीमाबाईनं लेकरांना ताकीद दिली, उद्यापासून म्जोंबा.

सकाळी चरवी घेऊन तो बाहेर आला. रांग लागलेली. "शिकामू, म्जोंबा." बराबर म्हणून राहिले सारे. एकेकाच्या पेल्यात दूध पडून राहिलं. मान मिळाला, अर्थबी बराबर, पैज काही मोडली न्हाई. तरी दगडोबाला चरवी जड लागून राहिली.

शेवटी बालवाडीची लेकरं. ती सारी वसतिगृहातली, घर लांब, आन् कोणाकोणाला घरच न्हाई. त्यात एक पोरगी, कोकराएवढी. तिनं पेला पुढं केला आन् म्हणली, "मामा." मागच्या मोठ्या पोरीनं तिला ढोसलं, म्जोंबा म्हण. पोरगी पुन्हा म्हणली, "मामा." पुन्हा ढोसलं. मंग तिनं पेला छातीशी धरला आन् मागं सरकली. रडली न्हाई. नुसती दूध नको म्हणून मान हलवत राहिली.

दगडोबा तिच्याकडं पाहत उभा. मेंढी मेली का तिचं कोकरू असंच करतं, हे त्याला ठाऊक व्हतं; कोणतंबी आचळ तोंडाशी न्या, घेत न्हाई. त्यानं आजूबाजूला पाहिलं. रतनसिंग समुद्रापल्याड. बाकडे समुद्रापल्याड. त्यानं चरवी खाली ठेवली, उकिडवा बसला, मिशी बाजूला सारली आन् म्हणला, "ये बाय. मामा हाय मी."

पोरगी आली. पेला भरला. ती तिथंच, त्याच्या गुडघ्याला टेकून प्याली.

दुपारपर्यंत सारी शाळा पुन्हा मामा. नीमाबाईनं पुसलं तर दगडोबा म्हणला, राहू द्या, म्जोंबा म्हणताना लेकरांची जीभ अडकती.

दोन महिन्यानं गडी माघारी आला. फाट्यावर उतरला, डोक्याला फुलाफुलाचा पटका. रतनसिंगनं पुसलं, काय रे दगड्या, तिकडं काय म्हणायचे तुला? दगडोबानं चाय सांगितली. तेवढ्यात, म्हणजे पाळकाला सांगून वक्त ठरवूनच ठेवलेला, फोन वाजला. त्यानं फोन बाकड्यावर उभा केला. आत सारी शाळा, पुढं नीमाबाई, तिच्या कडेवर ती कोकराएवढी पोरगी. आन् एकच आवाज, "शिकामू, मामा!"

"मरहबा," दगडोबा म्हणला, आन् बशीत चाय ओतली.

बाकड्यावरचे समदे फोनपाशी वाकले. शिकामू म्हणजे पाय धरतो, हे मातर त्यानं समद्यांना नीट समजावून सांगितलं. दुसऱ्या दिवशी रतनसिंगनं कप पुढं केला, नजर दुसरीकडं, आन् हळूच म्हणला, "घ्या मामा." आता सारं गाव म्हणतं. परवा त्या हवालदारानंबी म्हणलं.

खरं कोणाला ठाऊक? पाळक आन् साधनाबाई गप हायत. मला त्यानं ह्याच पोत्यावर बसून सांगितलं, मिशीला पीळ देऊन, तोऱ्यात. लाज अशी काही दिसली न्हाई. आन् शकुबाईला ठाऊक हाय. तिची सोय झाली. नाव घेता येत न्हवतं, आता दार लोटलं का बिनधास्त हाक मारती, "आई, भाकर वाढू का वो?" आन् हा म्हणतो वाढ.

ती पाहा, गाडी आली. तुमी आता फाट्यावरून जाणार. डायवर चायला थांबल, रतनसिंग तुमाला पुसल, कुठून आले, कोणाकडं बसले व्हते. बोला त्याच्याशी, भला माणूस हाय. पण तेवढा अर्थ पोटात ठेवा. आन् फुलाफुलाचा पटका घातलेला गडी बाकड्यावर दिसला, तर त्याला मामा म्हणा. ते कोणत्या बोलीतलं, ते त्याच्यावर सोडा.